शेजारी कोण?

तापमानवाढीचे धोके ठाऊक असूनही आपण आपली राहणी का बदलत नाही? लोकांना पुरेशी माहिती नाही, असे उत्तर बहुधा दिले जाते. वर्तनाच्या अर्थशास्त्राला ते अपुरे वाटते. मनुष्य लाभहानीचा चोख हिशेब मांडून वागतो, हे जुने गृहीतक या शास्त्राने नाकारले. उद्याच्या मोठ्या हानीपेक्षा आजची लहानशी गैरसोय त्याला अधिक बोचते, आणि इतर काय करतात हे पाहूनच तो पुष्कळदा वागतो.

वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराला त्याचा वीजवापर व शेजाऱ्यांची सरासरी कळवण्यात आली. अधिक वीज वापरणाऱ्यांनी वापर घटवला; कमी वापरणाऱ्यांनी मात्र तो वाढवला! ज्यांच्या चिठ्ठीवर शाबासकीचा हसरा चेहरा काढला होता, त्यांची काटकसर तेवढी टिकली. पुढे २००८ साली याच संशोधकांची आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. वीज वाचवण्याच्या कारणांत लोकांनी शेजाऱ्यांच्या अनुकरणाला सर्वांत खालचे स्थान दिले होते; प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी त्याच कारणाचा संबंध सर्वांत निकटचा आढळला. आपल्या कृतीमागचे हेतू आपल्यालाच किती थोडे कळतात!

मग हसऱ्या चेहऱ्यासाठी केलेल्या काटकसरीला सद्गुण म्हणावे काय? मी तिला तुच्छ लेखणार नाही. चांगली सवय पुष्कळदा अनुकरणातूनच जडते. परंतु या उपायाला एक मर्यादा आहे. त्या चिठ्ठीवरचा शेजारी आपल्याच गल्लीतला असतो. समुद्र चढल्याने ज्याचे शेत खारावेल तो परका मनुष्य, किंवा अद्याप न जन्मलेले बालक, यांची सरासरी कोणत्याच चिठ्ठीवर छापलेली नसते.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना ‘शेजारी’ हा शब्द लिहिताना माझी लेखणी थबकते. मराठीत तो भिंतीला भिंत लागलेल्या घराचा माणूस. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मात्र वाटेवरचा परकाच शेजारी ठरतो. मनुष्य शेजाऱ्याकडे पाहून वागतो, एवढे शास्त्रज्ञ दाखवून देतात. शेजारी कोणाला मानावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. वाचकहो, पुढचे वीजबिल हाती येईल, तेव्हा त्या दूरच्या शेजाऱ्यालाही हिशेबात धराल काय?