तीच सायकल म्हणजे कोणती?

पुढे सस्पेन्शनचा फोर्क आणि मागे कसलीही स्प्रिंग नसलेला ताठ त्रिकोण, अशा माउंटन बाइकला हार्डटेल म्हणतात. तिची फ्रेम चांगल्या स्टीलची असेल तर ती वीस वर्षेही साथ देते. तिच्यावरचे बाकी काही मात्र इतके टिकत नाही. आधी चेन, टायर आणि ब्रेकपॅड जातात, मग कॅसेट, केबली, बॉटम ब्रॅकेटची बेअरिंगे. रिम वाकतात, फोर्कची सीले गळू लागतात आणि कधीतरी फोर्कच बदलावा लागतो. शेवटी फ्रेमखेरीज मूळचे एकही अंग उरत नाही. तरीही मालक तिला ‘तीच सायकल’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. मग विकत घेतली गेली ती वस्तू नेमकी कोणती? निवड करणाऱ्यांपैकी बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या मॉडेलची चौकशी करू लागतात.

प्रश्न जुना आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय रूप वाहनाच्याच निमित्ताने आले आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आपण रथात बसून आलो असे सांगतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला एकेका भागाविषयी विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? सांगाडा? जू, लगाम, चाबकाची काठी? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. हे सगळे मिळून रथ आहे का आणि या सगळ्यांहून वेगळा रथ आहे का, या दोन्ही प्रश्नांनाही त्याचे उत्तर नाहीच. मग रथ हे भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव ठरते, त्यामागे वेगळी वस्तू नाही. बौद्धांना हे रथासाठी नव्हे, ‘मी’ म्हणवणाऱ्या माणसासाठी सिद्ध करायचे होते. रथ हा दाखला होता.

न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. अवयवांहून वेगळा, पण अवयवांतच राहणारा ‘अवयवी’ खरोखर असतो, असे त्यांचे म्हणणे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी दिलेले एक कारण सायकलवाल्याला चटकन पटेल: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते. हँडल उचलले की मागचे चाकही मागोमाग येते. वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. यावर न्यायसूत्रांच्या भाष्यातच अडचण काढलेली आहे. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि काठी हेही एकत्र उचलले जातात. म्हणून त्यांची एक वस्तू झाली असे कोणी म्हणेल काय? ओढले जाण्याचे श्रेय चिकटण्याला आहे, अवयवीला नाही.

फ्रेम बनवणाऱ्याच्या भट्टीजवळ हा वाद अगदी डोळ्यांनी पाहता येतो. स्टीलच्या नळ्या जोडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. ब्रेझिंगमध्ये नळ्या लाल होईपर्यंत तापवतात, पण त्या वितळत नाहीत. वितळते ते पितळ किंवा चांदीचे मिश्रण, जे सांध्यात शिरून थंड होते. म्हणजे ही धातूची लाखच. टिग वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही नळ्यांच्या कडा वितळून एकमेकींत मिसळतात आणि कुठे एक संपली व कुठे दुसरी सुरू झाली हे सांगता येत नाही. ताकदीच्या दृष्टीने, काम नीट झाले असेल तर, दोन्ही सांधे माउंटन बाइकला पुरेसे असतात. लाखेच्या आक्षेपाला मिळालेले हे उत्तरच म्हणावे लागेल: वस्तू एक आहे की नाही हे सांध्याच्या जातीवर ठरत नाही, सांधल्यानंतर ती काय काम करू शकते यावर ठरते.

नैयायिक आणि त्यांच्या जोडीच्या वैशेषिकांची खरी अडचण दुसरीकडे आहे. कापडातला एक धागा काढला तर जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते, असे ते मानतात. हा नियम लावला तर चेन बदलताच जुनी सायकल संपली, नवी जन्मली. ज्यांनी अवयवीसाठी एवढे भांडण मांडले त्यांचाच अवयवी एका धाग्याने मरावा, ही गंमतच आहे. तिकडे नागसेनाच्या यादीत दांडी आणि चाबकाची काठी एकाच रांगेत बसतात. म्हणजे व्यवहार फ्रेमला जो मान देतो, त्याचे कारण दोन्ही पक्षांत सापडत नाही.

ते ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या खंडात सापडते, तेही नगराच्या संदर्भात. माणसे मरतात आणि जन्मतात. मग नगर तेच का म्हणायचे? त्याचे उत्तर असे की नगराची ओळख माणसांत नसून राज्यव्यवस्थेत, म्हणजे त्यांच्या परस्परसंबंधांच्या रचनेत असते. सायकलची रचना फ्रेममध्ये साठवलेली असते. बसणाऱ्याचे वजन दोन चाकांमध्ये कसे वाटले जाईल, हँडल किती लांब पडेल, उतारावर पुढचे चाक किती पुढे असेल, हे सगळे नळ्यांची लांबी आणि कोन ठरवतात. बाकीचे भाग त्या रचनेतल्या जागा भरतात.

माउंटन बाइकचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतले तरुण 1930-40 च्या काळातल्या श्विन एक्सेलसियरसारख्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातले डोंगर उतरत. ऑक्टोबर 1976 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले, कारण त्या उतारावर मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि हब पुन्हा भरावा लागे. या सायकलींवर त्यांनी गिअर चढवले, ड्रम ब्रेक लावले, मोटरसायकलचे लिव्हर बसवले. तरी त्या जुन्या श्विनच राहिल्या. 1977 मध्ये जो ब्रीझ याने मित्र चार्ली केलीसाठी क्रोमोली स्टीलची नवी फ्रेम बांधायला घेतली आणि तिथे नव्या जातीची सायकल जन्मली असे मानले जाते. त्यातून झालेल्या ‘ब्रीझर’ सायकलींच्या मालिकेतली पहिली आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

म्हणून निवडीचा क्रम ठरतो: आधी फ्रेम, आणि फ्रेममध्येही आधी आकार. उत्तम फ्रेमवर बेताचे भाग असलेली सायकल ही बेताच्या फ्रेमवर भारी भाग असलेल्या सायकलीपेक्षा नेहमीच शहाणपणाची खरेदी, कारण भाग झिजतील तसे सुधारता येतात. आकड्यांत मात्र एक फसगत आहे. 1990 च्या दशकात हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, 71 अंशांच्या आसपास असे, आज 64 ते 66 दिसतो. पण हा कोन फोर्क पूर्ण उंच असताना मोजलेला असतो. हार्डटेलवर माणूस बसला की फक्त पुढची बाजू खाली जाते आणि दर 20 मिलिमीटरमागे कोन जवळजवळ एक अंशाने उभा होतो. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीत दोन्ही टोके खाली बसतात, त्यामुळे दोन्ही प्रकारांचे छापील आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

धातूविषयी बोलताना भारतीय वाचकाच्या मनात दूधवाल्याची काळी सायकल येणे साहजिक आहे. तिचे स्टील साधे असते आणि नळ्या जाड. चांगल्या हार्डटेलसाठी वापरतात ते क्रोमोली, म्हणजे सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असलेला मिश्रधातू. नळ्या बटेड असाव्यात: टोकांना, जिथे सांधा येतो तिथे जाड आणि मधे पातळ. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने याचे पेटंट 1897 मध्येच घेतले होते. त्याच कंपनीची 853 ही नळी वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळ आणखी कणखर होते. नुसते ‘स्टील फ्रेम’ एवढेच लिहिलेले असेल तर नळी कोणती हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर.

स्टीलची फ्रेम खड्डे गिळते, ही ख्याती मात्र जरा जास्तच पसरली आहे. सायकलचा त्रिकोण उभ्या दिशेने फार कमी वाकतो. धक्के मुख्यतः टायर, सीटपोस्ट आणि वाकलेले गुडघे सोसतात. बारीक नळ्यांमुळे आडव्या दिशेने थोडी लवचीकता जाणवते, एवढेच. स्टीलचा खरा गुण टिकण्यात आहे. ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, म्हणून त्याची फ्रेम मुळातच जाड नळ्यांची करावी लागते. शिवाय स्टीलची तडा गेलेली नळी जाणता कारागीर झाळू किंवा बदलू शकतो. नेहमीच्या 6061 ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया लागते, त्यामुळे दुरुस्ती सहसा परवडत नाही. गंज हा स्टीलचा वैरी. तो बाहेरून क्वचितच मारतो. सीट ट्यूबमधून शिरलेले पाणी खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साचते आणि आतून काम सुरू होते. तिथे पाणी निघायला भोक आहे का हे सायकल उलटी करून पाहावे.

टिकाऊ फ्रेमलाही बाहेरच्या जगाचा आधार लागतोच. मागच्या हबची रुंदी 135 मिलिमीटरवरून 142 आणि मग 148 झाली, चाके 26 इंचांवरून 27.5 आणि 29 वर गेली, फोर्कची सरळ दांडी निमुळती झाली. तीस वर्षांपूर्वीची निर्दोष फ्रेम आज भागांअभावी अडून बसते. म्हणून आट्यांचा 73 मिलिमीटरचा बॉटम ब्रॅकेट, निमुळती दांडी सामावणारी 44 मिलिमीटरची हेड ट्यूब आणि मागचा हब ज्यात बसतो ते बदलता येणारे ड्रॉपआउट यांना वरच्या रंगापेक्षा जास्त वजन द्यावे. रचना फ्रेममध्ये असते हे खरे, पण तिच्या जागा भरणारे कोणी तरी हवे.

उरतो तो फ्रेमचाच प्रश्न. थॉमस हॉब्जने ‘डी कॉर्पोरे’ (1655) मध्ये एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाच्या काढलेल्या फळ्या जपून कोणी दुसरे जहाज उभे केले तर खरे कोणते, असे विचारले होते. काढलेल्या नळ्यांची कोणी दुसरी फ्रेम करत नाही, पण नळ्या बदलल्या जातात: आधी डाऊन ट्यूब, काही वर्षांनी टॉप ट्यूब, क्वचित मागचा सगळा त्रिकोण. कोन आणि लांबी जपली असेल तर रचनेच्या निकषाने सायकल तीच राहते. विमा कंपनी आणि पोलीस यांचा निकष वेगळा आहे. ते बहुतेक फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याखाली ठोकलेला क्रमांक पाहतात, आणि त्यांच्या लेखी ते नळकांडे शाबूत आहे तोवर बाकी सगळे बदलले तरी सायकल बदललेली नसते.