खुर्ची सुटल्यानंतर

जानेवारी १६४९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. त्याने आरोप कबूल केले नाहीत की नाकारले नाहीत. मला इथे कोणत्या अधिकाराने आणले, एवढेच तो विचारत राहिला. न्यायालये राजाच्या नावाने चालत, मग राजाचा न्याय कोण करणार? त्या काळच्या कायद्यात याला उत्तर नव्हते. ३० जानेवारीला त्याचा शिरच्छेद झाला. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि त्याच्यावर आरोपपत्र ठेवणारे वकील जॉन कुक यांनाच देहदंड मिळाला.

पुढे अनेक राजेशाह्या गेल्या, पण राष्ट्रप्रमुखाला खटल्यापासून मिळणारे संरक्षण उरले. त्याचे कारण मात्र बदलले. राष्ट्रप्रमुखाला परक्या कोर्टात खेचणे म्हणजे त्या देशाच्या सार्वभौमत्वाला हात घालणे, असे आता मानले जाऊ लागले. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात जर्मनीच्या कैसर विल्हेल्मवर खटला चालवण्याचे कलम होते, पण त्याला आश्रय देणाऱ्या नेदरलँड्सने त्याला सोपवले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेने राष्ट्रप्रमुखपद ही सबब चालणार नाही असे ठरवले. तरीही ज्याच्या नावाने युद्ध लढले गेले, तो जपानचा सम्राट हिरोहितो टोकियोच्या खटल्यात आरोपीच नव्हता.

खरा बांध फुटला तो ऑक्टोबर १९९८ मध्ये. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे उपचारांसाठी लंडनला आला असताना स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवरून त्याला अटक झाली. २४ मार्च १९९९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या विरोधात निकाल दिला. ब्रिटन, स्पेन आणि चिली या तिन्ही देशांनी छळविरोधी करार स्वीकारला होता. असा करार केल्यावर छळ हे माजी राष्ट्रप्रमुखाचे सरकारी काम ठरवून त्याला संरक्षण कसे द्यायचे? १९८८ च्या अखेरीआधीचे बहुतेक आरोप गळाले, हे खरे. २००० मध्ये आजारपणाच्या कारणावरून पिनोशे मायदेशी परतला आणि २००६ मध्ये शिक्षेविनाच मरण पावला. तरीही माजी राष्ट्रप्रमुखाला परदेशात अटक होऊ शकते, हे जगाने पाहिले होते.

भारतीय राज्यघटनेने मधला मार्ग काढला आहे. कलम ३६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई होत नाही. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना हे संरक्षणच नाही. बाबरी मशीद पाडल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कटाचा आरोप पुन्हा लावला, तेव्हा आरोपींपैकी एक असलेले कल्याण सिंह राजस्थानचे राज्यपाल होते. ते पद सोडताच आरोप निश्चित करावेत, असे न्यायालयाने सांगितले आणि २०१९ मध्ये तसे झाले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले, पण राज्यपालपदाने खटला थांबला होता, संपला नव्हता. अर्थात थांबण्याचीही किंमत असते. मशीद पडली १९९२ मध्ये. एवढ्या काळात साक्षीदार म्हातारे होतात, काही मरतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी उलट दिशा धरली. राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृत्यांना पूर्ण आणि इतर अधिकृत कृत्यांना निदान गृहीत धरलेले संरक्षण, तेही पद सोडल्यानंतर! खटल्याच्या भीतीने राष्ट्राध्यक्ष धडाडीने निर्णय घेणार नाही, हा बहुमताचा युक्तिवाद मला पटत नाही. कायद्याची भीती त्या खुर्चीला हवीच. पदाबरोबर न संपणारे संरक्षण प्रजासत्ताकात बसत नाही. हा निकाल चुकीचा आहे आणि तो फिरवला गेला पाहिजे.