कडेच्या ओळीची गोळी

आषाढातल्या एका रविवारी माझे वडील, अण्णा, भोरहून आले. कापूरहोळ, नसरापूर करत एसटी वेल्ह्याला पोचेपर्यंत त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ओटीवर टेकून चहाचा पहिला घोट घेतला आणि सरळच विचारलं, "पोरीला शाळेतनं काढणार म्हणतेस?"

"काढणार असं नाही, अण्णा. घरी शिकवणार."

"पटावर दोन्हीचा अर्थ एकच."

अण्णांनी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यांच्यासमोर शाळेची तक्रार करणं मला जड जातं. तरी सांगितलं: चार इयत्ता एका खोलीत, गुरुजी एकटे, त्यांचा निम्मा दिवस वरून मागवलेली माहिती भरण्यात. लेक तिसरीत आहे. भरभर वाचते, प्रश्न विचारते, आणि उत्तराची वाट पाहून पाहून हल्ली विचारायची थांबली आहे. ते थांबणं मला बघवत नाही.

"बरं. घरी काय शिकवशील?"

मी तीन वाटा सांगितल्या. ह्यांना परदेशी अभ्यासक्रमाचा संच हवा आहे. रोजचा पाठ आखलेला, सगळं इंग्रजीत. दुसरी वाट बालभारतीच्या पुस्तकांची. तिसरी मला मनापासून पटते: काही न ठरवता, मूल ज्याचा नाद घेईल त्याच्या मागे आपण जायचं. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये याच विचाराचं मासिक सुरू केलं. आपल्याकडे मुंबईच्या मालविका जोशीला सातवीनंतर शाळेतून काढलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवून ती 2016 मध्ये एमआयटीत गेली.

"आयआयटीनं घेतलं असतं तिला?"

"नाही. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं."

"आणि आईची नोकरी?"

"आईनं सोडली."

"त्यांच्या घराला ते झेपलं. तुझ्या घरात कोण काय सोडणार आहे?"

लेकीला काय आवडतं, तिचा कल कुठं, याच्या मी वह्या भरल्या होत्या. घरातल्या मोठ्या माणसांचा दिवस कसा जातो, हे त्या वह्यांत कुठंच नव्हतं. लावणीच्या दिवसांत मी सकाळी सहापासून चिखलात असते. हे पुण्याला नोकरीवर. घरी सासूबाई, त्यांचं शिक्षण मराठी सातवी. इंग्रजी संच शिकवायला मी एकटी, म्हणजे आवणापासून कापणीपर्यंत तो कपाटातच राहणार. आणि मुलाच्या नादामागे जायलाही कुणीतरी मोकळं असावं लागतं. बालभारतीचं पुस्तक मात्र सासूबाई चूल सांभाळत उघडू शकतात. अभ्यासक्रम घराला मानवतो की नाही, हे पावसाळ्यातल्या अशाच एखाद्या दिवशी कळत असावं.

अण्णांनी कायद्याचं विचारलं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 10 सहा ते चौदा वयाचं मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणतं, न घातलं तर शिक्षा मात्र सांगत नाही. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. नाहीतर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

"दाखल्याची वाट निघेल," अण्णा म्हणाले. "पट किती आहे?"

"अकरा."

"दहा होईल. 2023 च्या सप्टेंबरात वीसच्या आतल्या शाळांसाठी समूह शाळेचं परिपत्रक निघालं, त्यात नमुना म्हणून नाव कुणाचं होतं? आपल्याच तालुक्यातल्या पानशेतचं. मोठी शाळा, जास्त शिक्षक, न्यायला-आणायला गाडी. वाईट नाही. पण धनगरवाड्यावरच्या पोराला ह्या पावसात गाडीपर्यंत कोण आणणार?"

मी चिडले. "म्हणून माझ्या पोरीनं पटासाठी तिथं बसून राहायचं?"

"नाही. पोर म्हणजे पट राखायचा दगड नव्हे. मास्तर असूनही हे म्हणतो मी." ते जरा थांबले. "पण आमच्या घराला काय मानवेल म्हणतेस, तेव्हा घर कुठपर्यंत धरतेस तेवढं मला सांग."

मला सांगता आलं नाही. मी वेगळीच पळवाट काढली: नाव शाळेत राहू दे, शिकवते घरी. पुष्कळजण करतात.

"उभ्या नोकरीत खोटी हजेरी मांडली नाही. आता नातीची मांडायला सांगू?"

मग त्यांनी कोसबाडची गोष्ट काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांत काम करताना पाहिलं की मुलं गुरांमागं रानात जातात. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. "जे शिकवायचं ते मुलाच्या दिवसात नेऊन बसवलं त्यांनी. आणि तिथं मुलं घोळक्यानं होती, हे विसरू नको."

संच मागवायचा नाही, बालभारती धरायचं, एवढं माझं तिथंच ठरलं. शाळेचं ठरलं नाही. दिवाळीपर्यंत ती जाईल, दुपारनंतर घरी शिकेल. पुढचं अजून मला दिसत नाही, आणि मुलीचे प्रश्न थांबण्याची भीती तशीच आहे.

पाऊस उघडला तसे आम्ही खाचरात उतरलो. चारसूत्री पद्धतीनं भाताची लावणी होती. खुणांचा दोर एकदा पंधरा, एकदा पंचवीस सेंटीमीटरवर सरकवायचा, म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध खताची एक गोळी खोल खोचायची. लेक आणि वर्गातली तिची मैत्रीण गोळ्या खोचत बांधापर्यंत आल्या आणि थबकल्या. शेवटची ओळ एकटीच पडली होती, तिला जोडीची ओळ नव्हती.

"आजोबा, हिला गोळी कुणी द्यायची?"

"चूड मोज."

"अडतीस."

"मग?"

दोघी बोटांवर मोजत राहिल्या. "दोन चुडांना अर्धी," लेक म्हणाली, "म्हणजे एकोणीस अर्ध्या. साडेनऊ!"

"ओल्या हातानं अर्धी होतेय का ती?" मैत्रिणीनं चुरा झालेली गोळी तिच्यासमोर धरली. "त्यापेक्षा एक जोडी सोडून एक पूर्ण देऊ."

"मग मधल्या जोडीनं काय करायचं?"

अण्णा बांधावर उकिडवे बसले होते. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ते उत्तर देत नव्हते.