आपापला जीव

जपानच्या ईशान्येला सानरिकूचा किनारा आहे. तिथली एक जुनी शिकवण म्हणजे ‘त्सुनामी तेन्देन्को’. त्सुनामी आली, की ज्याने त्याने आपापला जीव घेऊन टेकडी गाठावी. कुणी कुणासाठी थांबू नये. प्रथम ऐकली तेव्हा मला ती निर्दय वाटली. लेकराला शोधायला मागे वळली नाही, ती आई कसली?

पण ही शिकवण निर्दयांनी घडवलेली नव्हे. १८९६ च्या लाटेत त्या किनाऱ्यावर वीस हजारांहून अधिक माणसे गेली. एकमेकांना सोडवायला मागे वळलेली कुटुंबेच्या कुटुंबे बुडाली. त्यांचा घात मायेनेच केला.

११ मार्च २०११ रोजी कामाइशीतल्या शाळांची मुले अशीच धावली. सराव अंगवळणी पडलेला होता. ठरलेली जागा सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली आणि वाचली. मोठ्यांनी लहानांचे हात मात्र सोडले नाहीत. म्हणजे शिकवणीचा अर्थ ‘दुसऱ्याला टाका’ असा नव्हे. ‘दुसराही पळाला असेल, यावर विश्वास ठेवा’ असा आहे.

मी शाळामास्तर. मुलांना जपणे म्हणजे हाताशी धरणे, असेच इतकी वर्षे समजत आलो. तो विश्वास मात्र ऐन वेळी उत्पन्न होत नाही. ‘माझ्यासाठी थांबू नकोस’ हे शब्द आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या पानावरच बोलून ठेवावे लागतात. आणि ज्यांना पळताच येत नाही, त्या म्हाताऱ्यांना कोणाचा हात नेणार, हेही त्याच पानावर ठरायला हवे.