दोष कोणाचा?

घरात कलह शिरला की प्रत्येकाच्या मुखी एकच प्रश्न असतो : दोष कोणाचा? प्रश्न न्यायाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर मिळाल्याने घर सावरतेच असे नाही. दुरावलेली माणसे जवळ आणणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते कुटुंब-समुपदेशक या प्रश्नाकडे कसे पाहतात, हे म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे.

प्रारंभी या शास्त्राच्या हातूनही अन्याय घडला. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीने स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचा संबंध मातेच्या वर्तनाशी जोडला. पुढे कित्येक वर्षे अशा रुग्णांच्या मातांस मुलाच्या आजाराबरोबर अपराधाचा आरोपही सोसावा लागला. नंतरच्या संशोधनाने ती कल्पना त्याज्य ठरविली.

१९८० साली इटलीतील मिलान येथील मारा सेल्विनी पालाझोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी दृष्टी मांडली. सासू म्हणते, “सून काही सांगत नाही, म्हणून मला विचारावे लागते.” सून म्हणते, “त्या सारख्या विचारतात, म्हणून मी सांगत नाही.” दोघींचेही म्हणणे खरे, पण या चक्राचा आरंभ शोधू गेल्यास तो सापडत नाही. समुपदेशक तो शोधीतही नाही. तो मुलास विचारतो, “या दोघींत अबोला झाला म्हणजे घरात कोण काय करते?” मग आजवर साक्षीदार म्हणून बसलेल्या मुलाच्या ध्यानी येते की, आपले मौन हाही त्या चक्राचाच एक भाग आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एकाने हात उगारला व दुसऱ्याने मार खाल्ला, तर तेथेही दोघांचा वाटा म्हणावयाचा काय? मुळीच नाही. आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखालील २००६ च्या नियमांनुसार, समुपदेशनात प्रतिवादीस हिंसेचे समर्थन करता येत नाही. व हे त्यास आरंभीच सांगावे लागते. निःपक्षपातास ही मर्यादा हवीच.

तेव्हा मतभेदाच्या प्रसंगी “चूक कोणाची?” असे विचारण्यापूर्वी “यात माझ्या वागण्याने कोणती भर पडली?” असे प्रत्येकाने स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते. मात्र मार खाणाऱ्यास हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणासही नाही.