नराणी आणि मगर

श्वेतकेतू बारा वर्षं गुरुगृही राहून चोविसाव्या वर्षी घरी आला, तो शिकलेपणाचा ताठा घेऊनच. बापाने, म्हणजे उद्दालक आरुणीने, तो एका प्रश्नात उतरवला आणि मग समजावताना तीन दाखले दिले. मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. सोन्याचा एक तुकडा कळला की सोन्याचं सगळं. आणि नखं काढायची एक नराणी कळली की लोखंडाचं सगळं. आकार ही बोलण्यापुरती नावं, खरं ते लोखंड. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, अगदी पहिल्या खंडात हे आहे. माती आणि सोन्यावर प्रवचनकार तासभर बोलतात, नराणीपाशी मात्र कुणी थांबत नाही. मी फिटर आहे. मला तिथे थांबावंच लागतं.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत मी फौंड्रीतलं मेंटेनन्स शिकलो. आता सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसकडे, एका भंगार यार्डातली अ‍ॅलिगेटर शिअर माझ्याकडे आहे. यार्डात सगळे तिला मगरच म्हणतात. खालचं ब्लेड जागेवर पक्कं. वरचा दांडा मागच्या पिनवर फिरतो, हायड्रॉलिक सिलिंडर त्याला उघडतो-मिटतो. सळई, पाइप, अँगल जबड्यात सरकवायचा आणि पायाखालचं पॅडल दाबायचं. जाड सळई तोंडाच्या टोकाशी धरली तर मशीन कण्हतं. तीच आत, पिनेजवळ सरकवली की निमूट तुटते. ब्लेडला चार धारा असतात. एक बोथट झाली की उलटवून दुसरी लावायची. दोन ब्लेडांमधली फट मात्र रोज बघावी लागते. ती वाढली की सळई तुटत नाही, दुमडून मध्येच अडकते, आणि मग तौकेचा, म्हणजे मालकाचा, आवाज चढतो.

माल येतो तो पाडलेल्या इमारतींचा, जुन्या जाळ्यांचा, सायकलींचा. घरोघरी फिरून जुनं सामान घेणारे कारुंग गुनीवालेही आणून टाकतात. भट्टीत मावेल एवढे तुकडे करायचे, एवढंच आमचं काम. या बेटावर पोलादाची भट्टी एकाच कंपनीची आहे, जुरोंगला. 1961 साली नॅशनल आयर्न अँड स्टील मिल्स म्हणून ती निघाली, पुढे नॅटस्टील झाली, मध्यंतरी काही वर्षं टाटांकडेही होती. या देशात लोखंडाची खाण नाही, त्यामुळे इथलं पोलाद पहिल्यापासून भंगारातून. विजेच्या भट्टीत पलंग, फाटक, खिडकीची जाळी यांचा एकच रस होतो आणि त्यातून पुन्हा सळई निघते. फाटकाला आपण फाटक होतो याची आठवण राहत नाही. इथवर उद्दालकाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

अडचण माझ्या मशीनपाशी सुरू होते. इथे लोखंडच लोखंडाला कापतं. सगळं एकच असेल तर कापणारं कोण आणि कापलं जाणारं कोण? कुणी म्हणेल, दोन्हीचं रसायन वेगळं. खरं आहे. माझी ब्लेडं एच-13 जातीच्या पोलादाची, त्यात क्रोमियम 5 टक्क्यांच्या आसपास. सळईत ते जवळजवळ नसतंच. मग टीएमटी सळईचं काय करायचं? ती लाल असताना तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात. वरची साल झटक्यात थंड होऊन कडक होते. आतला गाभा सावकाश निवतो आणि मऊ राहतो. त्याच गाभ्याची ऊब बाहेर येऊन सालीचा ठिसूळपणा घालवते. अशी सळई कापून तोंड घासा, पॉलिश करा आणि नायट्रिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण लावा. कडेला गडद कडं उमटतं, मध्ये फिकट गाभा. रसायन काठापासून मध्यापर्यंत तेच. फरक फक्त कुठला भाग किती लवकर निवला याचा. आणि त्या फरकावर मजले उभे आहेत.

म्हणजे लोखंड एक असूनही त्याचं सगळं एका नराणीत कळत नाही. आणि नराणी तरी नखं काढते कशाने? नुसत्या लोखंडाने नव्हे, लोहाराने तिला दिलेल्या पाण्याने.

वैशेषिक आणि नैयायिक भाजलेल्या मडक्यावरून भांडले. वैशेषिक म्हणाले, आगीत मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, परमाणूंचे गुण बदलतात आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिक म्हणाले, मडकं तसंच्या तसं राहून पालटतं. भट्टीपाशी उभं राहिलेल्या माणसाला दोघांचंही सगळं पटणार नाही, पण उष्णतेने वस्तूत खरा बदल होतो हे त्यांनी गंभीरपणे घेतलं. शंकराचार्यांचं उत्तर वेगळं: भेद व्यवहारात खरा, परमार्थात नाही. उत्तर बिनतोड आहे, म्हणूनच मला ते थोडं खुपतं. ब्लेड चिरलं तर ‘व्यवहारातच चिरलं’ म्हणणारा फिटर कुठलाही तौके ठेवणार नाही. मला जवळचे वाटतात ते ज्ञानेश्वर. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाची कल्पनाच खोडून काढतात आणि दिसणारं जग हा त्या एकाचाच विलास मानतात. तसं घेतलं तर साल आणि गाभा ही लोखंडाची खोटी सोंगं उरत नाहीत, लोखंडाचं स्वतःचं सामर्थ्य ठरतात.

खंडेनवमीला आमची मगर पुजली जाते. पुढाकार तमिळ पोरांचा, त्यांची आयुधपूजा त्याच दिवशी असते. सकाळी वीज तोडून कुलूप लावतात, मग हळदकुंकू, झेंडू, जबड्यापुढे लिंबू. तौके चिनी, तो स्वतःच्या उदबत्त्या लावतो. कुलूप आधी आणि कुंकू नंतर हा क्रम मला फार आवडतो.

कारण उद्दालकाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी, सोळाव्या खंडात, पुन्हा लोखंड येतं. चोरीचा आळ आलेल्या माणसाला तापवलेली कुऱ्हाड धरायला लावतात. खोटा भाजतो, खरा भाजत नाही, सुटतो. म्हणजे नराणीपासून निघालेला बाप कुऱ्हाडीपाशी पोचतो, आणि तिथे लोखंडाचं नाव-रूप आणि ताप माणसाच्या हाताशी येऊन भिडतात. मी पूर्वी होतो त्या एका यार्डात असल्याच मशीनवर एका पोराचं बोट गेलं. पोरगा सरळ होता, खोटं त्याला जमायचंच नाही. लोखंडाने काही विचारलं नाही. जबड्यापुढे जाळी नव्हती, एवढंच कारण. सिंगापूरचा 2006 चा कामगार सुरक्षा कायदा अपघातानंतर हाताच्या खरेपणाचा निवाडा करत बसत नाही. मशीन, जागा आणि माणसं ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याच्यावर टाकतो. या एका बाबतीत मला सोळाव्या खंडापेक्षा कायदा जास्त धार्मिक वाटतो.

सहावा अध्याय वाचणारे बहुतेक जण आठव्या खंडातल्या महावाक्याशी पोचले की पुस्तक मिटतात. तसं करू नका, कुऱ्हाडीपर्यंत वाचा. आणि तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीन पुजणार असाल तर आधी त्याच्या जबड्यापुढे जाळी बसवा.