पद्मश्रीच्या चाळीस वर्षं आधी

संशोधनाला पैसा नव्हे, जिद्द लागते, हे वाक्य आपल्या सभांमध्ये हमखास टाळ्या घेतं. पुरावा म्हणून बहुतेक वेळा डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव येतं. जालना जिल्ह्यात तर ते येणारच. भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव. नागपूरला एमबीबीएस करून ते १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाचा दंश झालेली माणसं तिथं डोळ्यांदेखत दगावत होती. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी टिपणं केली, लक्षणांचा क्रम लावला आणि १९८२ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढं रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या विषाच्या परिणामांवर चालते हे त्यांनी दाखवलं. त्यावरचा 'लॅन्सेट'मधला लेख १९८६ चा. खर्च मुख्यतः पदरचा. पद्मश्री मिळाली २०२२ साली.

१९८२ ते २०२२. या चाळीस वर्षांबद्दल सभेत कुणी बोलत नाही.

या कामाचा एक धागा मूत्ररोगांपर्यंत येतो. प्राझोसिन ज्या अल्फा-ब्लॉकर कुळातलं, त्याच कुळातली औषधं आज मूत्ररोगतज्ज्ञ रोज लिहून देतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅमसुलोसिन, आणि मूत्रवाहिनीत खाली येऊन अडकलेला खडा बाहेर पडावा म्हणूनही पुष्कळदा तेच. बावस्कर स्वतः मूत्रपिंडाच्या प्रश्नापर्यंतही पोचले. महाराष्ट्रातल्या एका लहान गावात पिण्याच्या पाण्यातले जड धातू आणि निकामी होणारी मूत्रपिंडं यांचा संबंध सुचवणारा त्यांचा व कुटुंबीयांचा अहवाल २०१० मध्ये 'क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी'त आला.

एकट्याच्या जिद्दीची हद्द कुठं संपते, ते इथं दिसतं. विंचू चावलेला रुग्ण एक-दोन दिवसांत एक तर सावरतो, नाही तर जातो. डॉक्टरकडं रक्तदाबाचं यंत्र, वही आणि रात्र जागण्याची तयारी असली तर उत्तर हाती लागू शकतं. मूत्रपिंड मात्र वर्षानुवर्षं न बोलता झिजतं. पाण्यातल्या धातूनं ते झिजलं की उन्हानं, रक्तदाबानं की मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, हे सांगायचं तर शेकडो माणसांचं रक्त, लघवी आणि पाणी पाच-दहा वर्षं तपासत राहावं लागतं. त्याला प्रयोगशाळा लागते, गावोगाव फिरणारी पगारी माणसं लागतात. पदरमोड करून हे होत नाही. म्हणून बावस्करांचं उदाहरण 'पैसा लागत नाही' याचा पुरावा म्हणून देणं मला त्यांच्यावरच अन्याय करणारं वाटतं.

आता हे काम ज्यानं हाती घ्यावं तो मूत्ररोगतज्ज्ञ कसा घडतो ते पाहा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, शस्त्रक्रियेतल्या एमएसची तीन, त्यापुढं मूत्ररोगांतल्या एमसीएचची तीन. मध्ये बंधपत्राची सेवा आणि प्रवेशपरीक्षांच्या वाऱ्या. बाहेर पडेपर्यंत बत्तिशी-तेहतिशी गाठलेली असते. केंद्राच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार कित्येक दशकं पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी होता. पीएचडी करून प्रयोगशाळेत रुळलेल्या माणसाला ही वयं जमतात. चाकू हातात धरून शिकलेल्याला त्यांतलं पहिलं दार उघडण्याआधीच बंद झालेलं दिसतं. घरी कर्ज असतं, आणि शहरात मुतखड्यांची रांग लागलेली असते. त्यानं दवाखाना टाकला तर त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

अमेरिकेतल्या एनआयडीडीके या मूत्रपिंड-मूत्ररोगांकडंही पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे कारकीर्द-पुरस्कार आहेत, त्यांना 'के' पुरस्कार म्हणतात. त्यात पदक नसतं. तरुण डॉक्टरच्या पगाराचा वाटा उचलून साधारण तीन-चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखून ठेवायचा, असा तो करार असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना काही ठिकाणी थोडी सूट. थोडक्यात, सरकार त्याचा वेळ विकत घेतं. आपल्याकडं भारत सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सनं डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप काढली, ती याच जातीची. पण अशी दारं थोडी. बाकी ठिकाणी पुरस्कार म्हणजे शाल-श्रीफळ, तेही गुडघे दुखायला लागल्यावर.

उशिराचा मान ही एकट्या भारताची खोड नाही. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरनं १९२९ मध्ये मूत्रवाहिनीसाठी बनवलेली नळी दंडाच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत घातली. मोठ्या रुग्णालयात त्याला थारा मिळाला नाही, आणि गडी मूत्ररोगांकडं वळला. १९५६ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा तो बाड क्रॉइत्सनाख या लहानशा गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करत होता. हृदयावर संशोधन करायची त्याची उमेदीची वर्षं तोवर निघून गेली होती. नोबेल समिती ती परत देऊ शकत नव्हती.

जालन्यात प्रश्नांना तोटा नाही. रोलिंग मिलच्या भट्टीपुढं पाळी करणाऱ्या कामगाराच्या अंगातून किती पाणी जातं, आणि त्याची लघवी किती दाट होते? २०१२-१३ च्या दुष्काळासारख्या वर्षी, घागरी मोजून पाणी पिणाऱ्या गावांत खड्यांचे रुग्ण वाढतात का? लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. तो खरा किती? लिंबूवर्गीय फळांतलं सायट्रेट खडे जमण्याला आळा घालतं हे ठाऊक आहे, मग भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी रोज किती खाल्ली तर उपयोग होईल? हे प्रश्न बोस्टनमध्ये बसून सुटणारे नाहीत. पण 'पाणी जास्त प्या, मोसंबी खा' या उत्तराचं पेटंट निघत नाही, म्हणून कुठलीही औषधकंपनी त्यांच्यामागं लागणार नाही.

बियाण्याचं तसं नव्हतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये याच जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली, संशोधनात पैसा ओतला, आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. बियाणं विकता येतं, त्यामुळं तिथं संशोधनाचा खर्च भरून निघतो. तरीही बारवाल्यांनी गणपती नेत्रालयही उभं केलं, हे विसरू नये. विकता न येणाऱ्या गोष्टीत पैसा घालण्याची रीत या गावाला नवी नाही.

२०२३ च्या कायद्यानं आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा आराखडा पाच वर्षांत ५० हजार कोटींचा. त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. हे आकडे दिल्लीत मोठे दिसतात. जालन्यात त्यांचा अर्थ लहान आणि स्पष्ट आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ पासून सुरू झालं आहे. कंपनी कायद्याखालचा सामाजिक जबाबदारीचा दोन टक्के निधी सरकारी विद्यापीठांना आणि आयसीएमआरसारख्या संस्थांना संशोधनासाठी देता येतो. पोलाद आणि बियाण्याच्या कारखानदारांनी विद्यापीठामार्फत एका तरुण डॉक्टरचा पाच वर्षांचा पगार, दोन तंत्रज्ञ आणि एक गाडी एवढंच द्यावं. अट एकच: आठवड्यातले तीन दिवस त्याला ओपीडीत बसवायचं नाही. पाच वर्षांनी सत्कार ठेवला नाही तरी चालेल.